मागच्या सीटवरचा ड्रायव्हर

मित्रांनो, मला जन्माला घालण्यासाठी दोन सायकली मोडाव्या लागल्या. एकीचं पुढचं अंग शाबूत होतं, दुसरीचं मागचं. दोघी भंगाराच्या वाटेला लागल्या होत्या. ठिणगीमामांनी त्यांना आपल्या वर्कशॉपमध्ये ओढून आणलं, कापलं, घासलं, सांधलं आणि दोघींची मिळून एक लांबलचक जोडसायकल तयार केली. ती मी. सीट दोन, हँडल दोन, पेडलच्या जोड्या दोन. चाकं मात्र दोनच. आता मी जुनी झाले आहे. दमट हवेत माझे सांधे कुरकुरतात, आणि माझा मूळ रंग कोणता होता हे मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

ठिणगीमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वेल्डिंग करताना डोळ्यांसमोर काच धरायची असते, मामा ती भुवयांच्या खालीच धरत. त्यामुळे त्यांचे डोळे वाचले आणि भुवया कायम जळक्या राहिल्या. त्यांचे एक जिवलग मित्र होते, बस चालवणारे. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणते. मला घडवण्याची कल्पना या बाबांची.

"आठवडाभर लोकांना डांबरावरून नेतो," ते मामांना म्हणाले होते. "सुट्टीच्या दिवशी मला डांबर नजरेसमोर नको. खडीचे, मातीचे, जुने विसरलेले रस्ते फिरायचेत. आणि पोरीला बरोबर न्यायचंय. तिची छोटी सायकल मागे पडते, मग ती रडते, मग मी थांबतो, मग आम्ही दोघं भांडतो."

म्हणून माझे टायर रुंद आणि खडबडीत निवडले गेले, खडीत रुतणार नाहीत असे. म्हणून मला दोन सीट मिळाल्या. मुलीच्या आई घरी कपडे शिवायच्या. त्यांनी उरलेल्या जाड कापडाची दोन गुबगुबीत सीटकव्हरं शिवली आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "दोघांत मिळून एकच डोकं आहे, वाहनही तसंच करून आणलंत."

माझ्या अंगात एक गंमत आहे. माझी पुढची आणि मागची पेडलं एका चेनने बांधलेली आहेत. एकाने पाय मारले की दुसऱ्याचेही फिरतात. एक थांबला की दोघं थांबले. दुसरी गंमत अशी की मागचं हँडल वळत नाही. ते बिचारं नुसतं धरायला. त्यालाही काही मान हवा म्हणून मामांनी घंटी मुद्दाम तिथे बसवली. मुलगी मागे बसे, आणि बाबा तिला 'कंडक्टर' म्हणत. ती दोनदा घंटी वाजवी तेव्हाच आम्ही निघत असू. एकदा वाजली की थांबायचं, मग चढ असो की उतार. एकदा तिने फुलपाखरू पाहून ऐन उतारावर घंटी वाजवली होती, आणि बाबांनी खरोखर गाडी थांबवली होती.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस! पहाटेचं धुकं अजून शेतांवरून उठलेलं नसे. खडी माझ्या टायरखाली हलक्या आवाजात कुरकुर करी, जणू झोपेतून उठवल्याबद्दल रागावली आहे. दोन्ही बाजूंना कुंपणं, कुंपणावर दव, आणि पुढे पांढरट रस्ता, जो दरवेळी थोडासाच दिसे. आपण गेलो की त्याचा पुढचा तुकडा तयार होतो, असं मुलीला वाटे. मलाही वाटे.

त्या रस्त्यांवर जुन्या काळाच्या खुणा पडलेल्या होत्या. एक दगडी पूल होता, तीन कमानींचा. त्याच्याखालून वाहणारी नदी कधीकाळी आपली वाट सोडून दुसरीकडे निघून गेली होती. कमानींखाली आता गवत वाहायचं. वारा आला की ते वाकून एकाच दिशेला पळाल्यासारखं दिसे, आणि पुलाला नदीची आठवण होत असेल असं वाटे. पुढे शेतांच्या मधोमध एक वेस उभी होती. गाव नाही, तट नाही, नुसती उंच वेस. तिला वळसा घालून कुठूनही जाता आलं असतं, पण बाबा नेहमी तिच्या आतूनच जात. "आत आलो," ते म्हणत. मुलगी मागे वळून विचारी, "कशाच्या आत?" त्यावर दोघं हसत. आणि सगळ्यात शेवटी टेकडीवरचा बुरूज. त्याचं छप्पर उडालेलं, जिना मात्र शाबूत. तो जिना चढून गेलं की माणूस सरळ आभाळात निघे. बापलेक वर बसून डबा खात, आणि मी खाली भिंतीला टेकून उन्हात डोळे मिटून घेई. सायकलीला डोळे नसतात हे मला माहीत आहे. पण तिथे मिटल्यासारखे वाटत खरे.

परतताना मुलगी मागे बसल्या बसल्या डुलक्या घेई. पाय मात्र फिरत राहत, कारण बाबांचे फिरत असत. झोपेत आपण किती रस्ता कापला हे तिला कधी कळलंच नाही.

मुलगी मोठी झाली. तिचे पाय लांब झाले, तिची सीट दरवर्षी थोडी वर गेली. चढावर आता तिचाच जोर जास्त लागे. आणि याच सुमारास मला एक गोष्ट जाणवू लागली, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

बाबा दगड चुकवेनासे झाले. पूर्वी ते मला खडीतून असे नेत, जसा आईंचा दोरा सुईतून जाई. आता समोरचा दगड ते चुकवत, पण बाजूचा थेट माझ्या चाकाखाली येई. कडेची फांदी माझ्या हँडलला थडके आणि ते दचकत. हँडलवरची त्यांची पकड घट्ट झाली होती. इतकी घट्ट की माझी मान आखडून जाई. मला सगळं समजत होतं आणि बोलता येत नव्हतं. मी फार तर कुरकुरत असे. मग ते माझ्या चेनला तेल घालत.

एके दिवशी बुरुजावरून उतरताना रस्त्याची डावी कड पाण्याने वाहून गेली होती. मुलगी मागे होती. तिला बाबांची पाठ सोडून पुढचं काही दिसत नसे. बाबांनी मला सरळ त्या तुटलेल्या कडेवर घातलं. आम्ही तिघंही खाली गेलो.

धूळ खाली बसली तेव्हा मुलगी मनगट धरून बसली होती. चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला कड दिसली नाही?" तिने विचारलं.

"उन्हामुळे गं. डोळ्यांवर आलं."

"ऊन आपल्या पाठीवर आहे, बाबा."

माझं पुढचं चाक अजून हवेत फिरत होतं, ते बाबांनी हाताने थांबवलं. मग ते हळूच म्हणाले, "कडेचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं. नळीतून बघावं तसं."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. "आणि बस?"

बाबा माझं वाकडं झालेलं हँडल सरळ करू लागले. ते सरळ होण्यासारखं नव्हतं.

"बाबा, बसमध्ये माणसं असतात."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय करू? दुसरं काही येत नाही मला!" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी आपल्या रुमालाने मुलीचं मनगट बांधलं. त्या दिवशी माझ्यावर कुणी बसलं नाही. बाबांनी मला हाताने ढकलत घरी नेलं. मुलगी त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती, तुटक्या कडेच्या अंगाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा गणवेश घालून डेपोत गेले आणि सगळं खरं सांगून परत आले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे; औषधाने उरलेलं टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही. संध्याकाळ झाली तरी बाबा गणवेशातच खुर्चीवर बसून होते. शेवटी आई जवळ आल्या. "द्या तो शर्ट इकडे," त्या म्हणाल्या, "बटण सैल झालंय." बटण मुळीच सैल नव्हतं. मी दाराशीच उभी होते, मला दिसत होतं. पण बाबांनी शर्ट काढून दिला.

मग बाबांनी मला मागच्या खोलीत नेलं. स्वतःच्या हाताने चेन पुसली, हवा तपासली, आणि माझ्यावर जाड प्लास्टिक घातलं. "नीट राहील इथे," ते म्हणाले. मित्रांनो, त्यांनी मला टाकून दिलं असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांनी मला जपून ठेवलं. पण जपून ठेवणं आणि टाकून देणं यांतला फरक अंधारात फारसा कळत नाही.

माझ्यावर हळूहळू घर साचलं. आधी कापडाच्या चिंध्यांची खोकी, मग बंद पडलेला पंखा, मग गुंडाळलेली गादी. माझी हवा गेली. मी रिमवर बसले. मला स्वप्नं पडू लागली. स्वप्नात मी त्या पुलावर असे आणि खालून खरंच पाणी वाहत असे. वेशीतून आत गेलं की आत गाव असे, दारादारांत माणसं बसलेली, आणि मी कोण हे त्यांना ठाऊक असे. बुरुजाचा जिना संपतच नसे. मग वर कुठेतरी उंदीर खुडबुडे, आणि मी पुन्हा खोक्यांखाली असे. किती ऋतू गेले कोण जाणे. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. शिकून परत आली, आणि कृत्रिम दात तयार करणाऱ्या लॅबमध्ये कामाला लागली, हेही ऐकलं. औषधं घेऊनही बाबांना समोरचंसुद्धा दिसेनासं झालं, हे त्यांच्या भिंत चाचपत चालण्यावरून कळलं.

त्या भिंतीपलीकडेच गल्ली होती. अलीकडे तिथून अनोळखी चाकांचे आवाज येऊ लागले होते. हलक्या, नव्या सायकली, रुंद टायरच्या. शहरातल्या लोकांना खडीचे रस्ते आणि जुने अवशेष यांचा छंद लागला होता म्हणे. बाबा दारात खुर्ची टाकून बसलेले असत, म्हणून ते त्यांनाच वाट विचारत. आणि बाबा सांगत! "पूल ओलांडला की उजवीकडची वाट दिसायला चांगली आहे, पण घेऊ नका, तिथे रेती आहे, चाक फसेल. डावीकडे जा. वेशीच्या आतून जा, बाहेरून जाऊ नका. बुरुजावर चढताना भिंतीच्या बाजूने पाय टाका."

एकदा एक मुलगी म्हणाली, "काका, इतकं डोळ्यांसमोर उभं करताय, तर चला ना आमच्याबरोबर!"

"माझी ड्युटी संपली," बाबा हसून म्हणाले. ते लोक गेले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बाबांच्या मुलीने हे सगळं फाटकातून ऐकलं होतं. ती नुकतीच कामावरून येत होती. ती घरात न जाता थेट मागच्या खोलीत आली आणि एकेक खोकं उतरवू लागली. धूळ उडाली, तशा आई आल्या.

"कधीची वाट बघतेय कुणीतरी ही खोकी हलवेल म्हणून," त्या म्हणाल्या. "माझी चांगली कात्री त्यातच आहे." आणि पदर खोचून त्याही कामाला लागल्या.

मला मामांच्या वर्कशॉपमध्ये नेलं. मामांनी वेल्डिंग सोडून दिलं होतं आणि त्यांच्या भुवया पूर्ण उगवल्या होत्या. मी त्यांना ओळखलंच नाही. नवे टायर आले, नवी चेन आली. मुलीने स्वतः पान्हा घेऊन पुढच्या सीटचा नट सैल केला. बाबांनाही तिने हाताला धरून आणलं होतं. ते स्टुलावर बसून ऐकत होते.

"पुढची सीट खाली घेतेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मी कुठे बसू?"

मुलीने मागच्या सीटवर थाप मारली.

"मी उभ्या जन्मात मागे बसलो नाही," बाबा म्हणाले.

"म्हणून तर तुला ठाऊक नाही," मामा घाईघाईने म्हणाले, "मागून काय सुंदर दिसतं..." आणि त्यांनी जीभ चावली.

मग बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते. "सांग ना, काय दिसतं? सांग की लेका!" हसता हसता त्यांना ठसका लागला.

पण हसणं निराळं आणि बसणं निराळं. पहिल्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून जी दैना केली ती विचारू नका. बाबा वळणावर उलट्या बाजूला कलत. जागेवर घट्ट बसवलेलं मागचं हँडल ते असं पिळत की माझा जुना सांधा कळवळे.

"बाबा, ते वळत नाही!"

"माहीत आहे. हातांना माहीत नाही."

थोडा उतार आला की ते पाय आवळून धरत, बसचा ब्रेक दाबावा तसे. मग मुलीचेही पाय जागच्या जागी अडकत, आणि आम्ही पडता पडता वाचत. शेवटी ती थांबली. "असं का करता?"

"पुढे काय आहे ते मला कळत नाही! नुसतं बसून राहायचं? कशाच्या भरवशावर?"

"मी लहानपणी बसायचेच ना," ती म्हणाली. "मला फक्त तुमचा शर्ट दिसायचा."

मित्रांनो, मी त्या दोघांचं वजन आयुष्यभर वाहिलं आहे. त्या क्षणी मागचं वजन बदललं. कमी झालं नाही, नीट बसलं. बाबांनी अंगठ्याने चाचपून घंटी शोधली. दोनदा वाजवली.

त्यानंतर आम्ही पुन्हा जुन्या वाटांवर जाऊ लागलो. मुलीने काय दिसतं ते सांगायचं, असं ठरलं. सुरुवातीला तिला सांगता येत नसे. पुलाशी थांबून म्हणाली, "दगड आहेत."

"दगड आहेत हे मलाही ठाऊक आहे. कसे आहेत?"

तिने डोळे बारीक केले. "दाढांसारखे. एकमेकांना खेटून बसलेत. हिरड्या झिजल्यात, पण एकही हलत नाही. मधल्या कमानीतला एक किडलाय."

"काढावा लागेल?"

"नको. रूट कॅनल करू." आणि पुलाखालचं गवत वाऱ्याने हसल्यासारखं सळसळलं.

तरीही एक गोष्ट बाबांनी स्वतःकडे ठेवली होती. रस्ता. कुठे वळायचं ते तेच सांगत. डोळे गेले तरी सगळा मुलूख डोक्यात आहे, हा त्यांचा शेवटचा आधार होता.

एका दुपारी बुरुजाच्या पलीकडून त्यांनी तिला डावीकडची पाणंद घ्यायला सांगितलं. "इथे पाणंद नाही, बाबा. कालवा झालाय."

"आहे गं. जरा पुढे असेल."

पुढेही नव्हती. आम्ही एक वाट घेतली, ती बाभळींत संपली. दुसरी घेतली, ती कुणाच्या तरी शेतात. ऊन फिकट होत गेलं, हवेत धुळीचा सोनेरी पडदा लटकला, आणि आपण कुठे आहोत हे तिघांपैकी कुणालाच सांगता येईना. बाबांचे पाय मंदावले.

"म्हणजे आता रस्ताही गेला," ते म्हणाले. इतक्या हळू, की बहुधा ते फक्त मीच ऐकलं.

तेवढ्यात माझ्या चाकांखालची खडी संपली. आवाजच बदलला. खाली एकसंध, थंड, कठीण दगड होता, आणि माझं पुढचं चाक आपोआप एका खोबणीत शिरलं. मुलीने ब्रेक दाबला.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

ती खाली उतरली, बाबांचा हात धरून त्यांना उतरवलं, आणि त्यांचा पंजा दगडावर ठेवला. जमिनीतून वर आलेल्या खडकात लांबच लांब दोन चर होते, एकमेकांना समांतर. गाड्यांच्या चाकांनी झिजवलेले. किती पिढ्यांच्या गाड्या तिथून गेल्या असतील, तेव्हा कुठे दगड इतका खोल गेला असेल.

बाबा गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात पसरून त्यांनी दोन्ही चरांत ठेवले. मग रांगत थोडे पुढे गेले. "इथे वळण आहे," ते म्हणाले. "हा चर जास्त खोल झालाय. गाडी या अंगाला झुकत असणार. भरलेली गाडी." आणखी थोडे पुढे. "इथे उतार. इथे सगळ्यांनी गाडी आवरली आहे." त्यांची बोटं दगडावरून फिरत होती आणि चेहरा गाढ झोपेतल्या माणसासारखा शांत झाला होता. "किती ड्रायव्हर गेले असतील गं इथून!"

"हा रस्ता कुठल्याच नकाशात नाही, बाबा."

"म्हणजे आपण पहिले?"

"पहिले कसले? बघा ना किती जण येऊन गेलेत."

बाबा हसले. हात झटकून उभे राहिले. "पुढे कुठे जातो?"

मुलीने पाहिलं. दोन्ही चर खडकावरून उतरून झाडीत शिरले होते. तिथे ऊन आणि सावली एकमेकांत मिसळली होती आणि त्यापलीकडचं काही उमगत नव्हतं.

"दिसत नाही," ती म्हणाली.

"तुलाही?"

"मलाही."

"मग बरं आहे," बाबा म्हणाले, आणि तिच्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसले.

मित्रांनो, तो रस्ता कुठे गेला हे मी सांगणार नाही. तुम्ही या, तुमची चाकं तुम्हाला सांगतील. फक्त खडकाशी आलात की खाली उतरा आणि एकदा हात लावून बघा. त्यावर नाव कोरू नका, त्याचा तुकडा घरी नेऊ नका. तिथे आधीच पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे.

आणि माझं एक मागणं आहे. चेनला तेल घाला, हवा भरा, गंज पुसा, हे मी सांगायला नको. पण तुमच्या घरात एखादी सायकल प्लास्टिकखाली सुखरूप झोपली असेल, तर तिला उठवा. आणि कुणी आपलं माणूस दारात खुर्चीवर बसून इतरांना वाटा सांगत असेल, तर त्याला आणखी मऊ उशी आणून देऊ नका. त्याचा हात धरा, त्याच्या पायांखाली पेडल द्या. ओझं होईल म्हणून घाबरू नका. मी दोघांचंही वजन ओळखते. चढावर मागून जो जोर येतो ना, तो बाबांचा असतो.